स्टोअर दाखवलेली खोली

“वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मग ती जाणारच आहे की,” बाबा म्हणाले.

मी थर्मास आणि कप घेऊन चौकटीपाशी पोचले होते. चौकटीला अजून दार बसलं नव्हतं, त्यामुळे आडोसा नव्हता आणि ऐकलंच नाही असं दाखवायची सोयही नव्हती. आत फरशीवर आमच्या घराचा नकाशा पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले होते आणि आर्किटेक्ट देवरे त्यावर वाकून बसले होते. मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत शाईने लिहिलेलं ‘बेडरूम’ त्यांनी ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडून काढलं, फुंकर मारली आणि त्या जागी ‘स्टोअर’ लिहिलं. माणूस राहणार असेल तर खोलीला बाहेर उघडणारी खिडकी लागते, सामानाला लागत नाही, असं ते बाबांना समजावत होते. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते हसले, आणि बाबांनी उगाचच चष्मा पुसायला काढला. मी चहा ओतला. ती खोली माझी होती.

जाणार म्हणजे लग्न होऊन जाणार. आमच्याकडे मुलींना जायला दुसरीकडे कुठे जागा नसते.

दर वर्षी मार्च उतरायला लागला की ब्लेडचा तो आवाज मला ऐकू येतो. हातगाड्यांवर शेवटची, जास्तच गोड झालेली द्राक्षं येतात. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं आणि दुपारी पंख्याखालीही जीव नको होतो. मी आता नाशिकमधल्याच एका शाळेत शिकवते. परीक्षेच्या दिवसांत वर्गावर गेले की उत्तरपत्रिका वाटायच्या आधी मी सगळ्या खिडक्या सताड उघडते. धूळ येते, रस्त्यावरचे आवाज येतात, कागद उडतात. मुलं वैतागतात. बरोबरच्या एक बाई एकदा म्हणाल्या, तुमचं आपलं काहीतरी वेगळंच असतं. मी नुसती हसले. सगळं सांगत बसायची मला सवय नाही. तरीही हे सांगावंसं वाटतंय, कारण या वर्षी खिडकी उघडताना माझ्या लक्षात आलं की त्या घराबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलीच नाही.

घर बांधायचं काम बाबांनी एकट्याने अंगावर घेतलं होतं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बिल्डरचा फ्लॅट त्यांना नको होता. प्रत्येक वीट आपल्या डोळ्यांसमोर लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाथर्डी फाट्याच्या पुढे, शेतं मोडून नुकतेच प्लॉट पडले होते, तिथे त्यांनी जागा घेतली. नव्वदची वर्षं सरत आली होती. रस्ते म्हणजे खडी, दिव्याच्या खांबांवर दिवे नाहीत आणि संध्याकाळ झाली की टिटव्यांचं ओरडणं. आम्ही शहरात, द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. तिथे ट्रकचे हॉर्न कधी थांबायचे नाहीत, आणि त्यातून रविवारी प्लॉटवर गेलं की कानांना दडे बसल्यासारखं वाटायचं. आई नव्या भिंतींवर पाणी मारायची. बाबा वाळू मुठीत दाबून बघायचे आणि मिस्त्रीशी वाद घालायचे. मी विटांच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसायची.

दक्षिणेला आमची हद्द संपली की हिराबाईंचा मळा सुरू व्हायचा. मेथी, कोथिंबीर, बांधाला शेवंती. मागच्या खोलीची खिडकी बरोबर त्या मळ्यावर उघडत होती. तिला ग्रिल बसायच्या आधी मी कट्ट्यावर पाय बाहेर सोडून बसायची. हिराबाई आणि त्यांची सून उकिडव्या बसून पुढे पुढे सरकत मेथी उपटायच्या, मुळांची माती हातावर आपटून झाडायच्या आणि बोलता बोलता जुड्या बांधायच्या. बोलण्यात कोणत्या तरी जावेची टवाळी असायची. मला अर्धं ऐकू यायचं, अर्धं मी मनाने जुळवायची. त्या खोलीवर मी मनातल्या मनात हक्क सांगून टाकला. तोंडाने मात्र काही म्हटलं नाही. समोरची, दोन खिडक्यांची खोली दादाची, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. दादा पुण्याला नोकरीला होता, पण त्याचं लग्न होणार, सून येणार. मग उरलेली मागची खोली माझी, हेही न बोलता ठरलं.

घरात माझ्या गप्प बसण्याला ‘इंग्लिश मीडियम’ असं नाव होतं. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवून मी आत वळले की आई ओशाळून सांगायची, इंग्लिश मीडियमची आहे ना, फार बोलत नाही. कळवणची आत्या तर मला ‘मॅडम’च म्हणायची. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर विचारतील तेवढ्याचं नेमकं उत्तर द्यायला मी शिकले होते. न विचारलेलं बोलायचं कसं, ते ना तिथे शिकवलं ना घरी.

संक्रांतीच्या सुमाराला बाबा जिन्यावरून पडले. कठडा अजून झाला नव्हता. मनगट मोडलं, बाकी काही नाही. पण आईच्या मनाने घेतलं की वास्तूतच काहीतरी आहे. तेव्हा नाशकात जो तो होकायंत्र घेऊन फिरणाऱ्या वास्तुतज्ज्ञांना घरी बोलावत होता. कुणी देवघर हलवलं, कुणी बांधलेला संडास पाडला. आमच्याकडे पाठक नावाचे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, मृदू आवाज. त्यांनी मळ्याकडे तोंड करून होकायंत्र तळहातावर धरलं, सुई स्थिर होऊ दिली आणि म्हणाले की ही खिडकी यमाच्या दिशेला आहे, घरातला कर्ता पुरुष पडला यात नवल ते काय. आई लगेच देव्हाऱ्याकडे बघायला लागली. देव्हारा अजून यायचा होता, तिथे नुसता कोनाडा होता.

मी कॉलेजातून परस्पर तिथे गेले तेव्हा खिडकी नव्हती. ओल्या विटा होत्या. वरची लिंटेलची आडवी पट्टी तेवढी उरली होती, मिटलेल्या डोळ्यावरच्या भुवईसारखी. पुढे गिलावा झाला, रंग झाला, तरी तो चौकोन भिंतीत निराळा दिसायचा, थोडा गडद, जणू तिथे अजून ओल आहे. त्या खोलीच्या दुसऱ्या बाहेरच्या भिंतीला जिना चिकटलेला होता. म्हणजे आता दार सोडलं तर तिला उजेड यायला वाट राहिली नाही.

घर बांधून झालं की त्यात राहायला लगेच जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. महापालिकेचा माणूस येतो, मंजूर नकाशाशी घर ताडून बघतो, कुंपणापासून सोडलेली जागा मोजतो, संडासाची टाकी, जिन्याचा कठडा, मोरीचा झरोका पाहतो, आणि मग पूर्णत्वाचा दाखला देतो. त्याआधी तिथे बिऱ्हाड करायचं नाही. दाखल्याशिवाय पालिकेचा नळही मिळत नाही. बाबांनी नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि एका रविवारी मला समोर बसवलं. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी आपल्याकडचं तपासायचं. राहण्याच्या खोलीबद्दलचं कलम आलं. माणसाच्या वावराची जी खोली असेल तिला थेट बाहेरची हवा आणि उजेड मिळेल अशी खिडकी हवी, अमुक इतक्या मापाची, निदान इतकी तरी. मी ते सांगितलं आणि थांबले. बाबांनी पट्टीत बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

“पुढचं वाच,” ते म्हणाले.

मी पुढचं वाचलं. ते पावसाच्या पाण्याच्या पन्हळींबद्दल होतं.

पाडव्याला वास्तुशांत झाली. बाबांचा बेत सरळ होता. पूजा उरकायची, घराला कुलूप लावायचं आणि दाखला मिळेपर्यंत द्वारकेलाच राहायचं. पण पंगती उठल्यावर आत्याने पदर खोचला आणि विचारलं की आज इथे निजणार कोण. कुणीच नाही, असं बाबा म्हणाले. आत्याने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“वास्तू झाली ना? मग घर बंद ठेवायचं नाय. दिवा लागला पाहिजे, माणूस निजलं पाहिजे. नायतर कशाला घातली शांत?”

बाबांनी नियम सांगून पाहिला. आत्याचं म्हणणं, नियम पालिकेचा आहे, वास्तू काय पालिकेला विचारून बसते का. आईने सतरंजी पसरली, आणि प्रश्न मिटला. त्या रात्री एक सतरंजी, पुढच्या दिवशी स्टोव्ह, मग गाद्या. आठवडाभरात द्वारकेचं सगळं सामान पिशव्यापिशव्यांतून इकडे आलं, चोरीचा माल हलवावा तसं. आत्या देवाचा दिवा आईच्या ताब्यात देऊन कळवणला निघून गेली.

कॉलनीतले बाकीचे लोक दाखल्याबिखल्याची पर्वा न करता वर्षानुवर्षं खुशाल राहत होते. त्यांच्या दारापुढे रांगोळ्या होत्या, गच्चीवर कपडे होते, अंगणात स्कूटर होती. लपून राहणारे आम्हीच. कारण बाबा जन्मभर नियमाने वागलेले, आणि नियम मोडायचा कसा याचा त्यांना सरावच नव्हता. महापालिकेचा माणूस कधीही येऊ शकतो, त्याला बिऱ्हाड दिसलं की फाईल परत जाईल, हे त्यांनी मनात धरलं आणि त्यातून आमचं जगणं आखलं. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप. जायचं-यायचं ते मागच्या मोरीच्या दाराने. चपला आत. दारावर नावाची पाटी नाही, रांगोळी नाही. पाडव्याचं तोरणसुद्धा बाबांनी दुसऱ्या दिवशी उतरवलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. कपडे घरात दोऱ्यांवर वाळायचे, त्यामुळे ओल्या सुताचा वास सगळीकडे. कुकरची शिट्टी रस्त्यावर ऐकू जाते म्हणून आई पातेल्यात भात करायची, आणि फोडणी टाकली की पटकन झाकण ठेवायची, जसा काही मोहरीचा तडतडाट महापालिकेपर्यंत जाणार होता.

सकाळी बाबा कुलूप लावून कामाला जायचे. कडी लागल्याचा आवाज व्हायचा, मग चावी फिरायची. मागचं दार उघडंच आहे, हे ठाऊक असूनही मी रोज एकदा जाऊन ते ढकलून बघायची. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा जवळ आली होती. दादाच्या खोलीत उजेड होता, पण ती रस्त्यावर होती आणि तिचे पडदे ओढलेले असायचे. त्याच्या नव्या पलंगावरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. हॉलमध्ये बसलं तर खिडकीतून डोकं दिसतं. म्हणून मी दिवसभर मागच्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली, धान्याच्या कोठीला पाठ टेकून बसायची. तपासणीला कुणी आलं तर स्टोअर वाटायला हवं, म्हणून तिथे खरोखरच कोठी, सिमेंटची उरलेली पोती, रंगाचे डबे आणून ठेवले होते. माझी गादी दिवसा गुंडाळून पोत्यांच्या मागे जायची. बाहेर किती वाजले, ऊन कुठवर आलंय, काही कळायचं नाही. दुपारी आई ताट घेऊन आली की कळायचं, दुपार झाली.

आणि संध्याकाळी एक गंमतच व्हायची. बाकीच्या खोल्यांत दिवा लावला तर रस्त्यावरून दिसणार. फक्त माझ्या खोलीतला उजेड बाहेर जात नव्हता. त्यामुळे अंधार पडला की सगळं घर माझ्या खोलीत येऊन बसायचं. आई भाजी निवडायला, बाबा पेपर वाचायला. तिथेच जेवण, तिथेच छोटा टीव्ही, आवाज अगदी बारीक. एवढं मोठं घर बांधलं आणि आम्ही तिघं सामानाच्या खोलीत दाटीवाटीने बसलो आहोत, हे तिघांनाही दिसत होतं. एकदा बातम्या चालू असताना बाबा आपल्याशीच हसले आणि म्हणाले की द्वारकेला निदान दोन खोल्या होत्या. आईसुद्धा हसली. मीही हसले. मला तेव्हा बाबांची दया आली, आणि राग होता तो कुठे ठेवावा ते कळेना. अडकलेले तेही होतेच. त्यांच्या एका बाजूला यम होता, दुसऱ्या बाजूला महापालिका, आणि घरात आई. मधे जी जागा उरली, तीत त्यांनी मला बसवलं होतं. मुद्दाम नाही. उरली होती म्हणून.

ते दोघं आपापल्या अंथरुणावर हॉलमध्ये गेले की खोलीत माणसांची ऊब, वरणाचा आणि पेपरच्या शाईचा वास तसाच राहायचा. एप्रिलचा नाशिकचा वारा बाहेर झाडांत ऐकू यायचा. मी भिंतीवरच्या त्या गडद चौकोनाला तळहात लावून झोपायची. तिथे गार लागेल असं उगाच वाटायचं. भिंत दिवसभराच्या उन्हाने तापलेली असायची.

परीक्षेला मी मळ्यातून जायची. चपला हातात, बांधावरून, मग फाट्यावर जाऊन बस. हिराबाईंनी पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या पाण्याची दारं मोडत होत्या, वाफ्यात पाणी सोडत होत्या. त्यांनी कुलूप लावलेल्या घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सुनेला मोठ्याने म्हणाल्या, “ह्यांच्या घरात लय शिस्त हे बाई. कुलूप लावून मंग आत जात्यात.” सून खो खो हसली. मला मान खाली घालून निघून जावंसं वाटलं, पण मी पण हसले बहुतेक, कारण त्यानंतर मोरीच्या पायरीवर अधूनमधून कोथिंबिरीची जुडी ठेवलेली असायची. एकदा त्यांनी विचारलं की ती खिडकी का बुजवली, चांगला वारा होता की. मी म्हटलं, दिशेमुळे. त्या मळ्याकडे वळून म्हणाल्या, इकडं तर आम्हीच राहतो.

एक विचार मला त्या खोलीत पुन्हा पुन्हा यायचा. तो तेव्हा नीट मांडता आला नसता, आज थोडा येतो. नियमाच्या पुस्तकातलं ते कलम मी पाठ केल्यासारखं झालं होतं. कोरडं, कोर्टकचेरीचं इंग्रजी. ते लिहिणारा माणूस कोण, कुठल्या ऑफिसात बसून त्याने ते लिहिलं, कोण जाणे. त्याने मला पाहिलेलं नव्हतं. पण जो कुणी या खोलीत झोपेल त्याला श्वास घ्यायला लागेल, एवढं त्याच्या ध्यानात होतं. झोपणारी मुलगी आहे की मुलगा, ती किती वर्षं राहणार आहे, पुढे जाणार आहे का, हे त्याने विचारलेलं नव्हतं. घरातल्या माझ्या माणसांनी मला शिकवलं, चांगल्या शाळेत घातलं, तापात उशाशी रात्री जागून काढल्या. पण मला निदान काय लागतं, ते एका परक्या माणसाने लिहून ठेवलं होतं. आणि मीच ते मराठीत करून बाबांना वाचून दाखवलं होतं, आणि पुढचं वाचलं होतं.

महापालिकेचे साहेब आले ते भर दुपारी. बाबा त्या दिवशी रजेवरच होते, देवऱ्यांनी निरोप दिला होता. सकाळपासून घरातलं घरपण पुसायचं काम चाललं होतं. दोऱ्या काढल्या, ओटा कोरडा केला, गाद्या माझ्या खोलीत, देवसुद्धा परातीत घालून माझ्या खोलीत. आई मळ्यात जाऊन हिराबाईंच्या झोपडीपाशी बसली. मलाही तिच्याबरोबर जायचं होतं, पण पुस्तकं आवरता आवरता उशीर झाला, समोरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि मी आतच राहिले. बाबांनी मला बघितलं. दार ओढून घे, एवढंच खुणेने सांगितलं.

दाराआडून मी सगळं ऐकत होते. साहेब बोलके नव्हते. त्यांनी पाणी मागितलं, तेव्हा बाबांची तारांबळ झाली, कारण रिकाम्या घरात माठ कुठून येणार. देवऱ्यांनी गाडीतली बाटली आणून वेळ मारून नेली. टेप सरकल्याचा आवाज येत होता. कुंपणापासून मोजलं, बरोबर. जिन्याचा कठडा, बरोबर. टाकीचं झाकण, मोरीचा झरोका, कुंपणाला लावलेली निंबाची दोन रोपं, सगळं बरोबर. बाबांचा आवाज हळूहळू सैल होत गेला. शेवटी तर ते सिमेंटबद्दल काहीतरी कौतुकाने सांगायला लागले होते. त्यांचं इतक्या वर्षांचं काम कुणीतरी पहिल्यांदाच नीट बघत होतं. मला आतून ते ऐकून बरं वाटत होतं, हे खोटं नाही. मग पावलं मागच्या बाजूला आली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. फाईल परत आली. साहेबांनी ना आरडाओरडा केला ना काही मागितलं. दोन शेरे मारले आणि निघून गेले. बाबा कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कळवणहून आत्याचा फोन शेजारच्यांकडे आला आणि तिने मॅडमची बरीच चौकशी केली. पावसाळाभर आम्ही हिराबाईंच्या विहिरीचं पाणी आणलं, दाखला आणि नळ दिवाळीनंतर आला. पण त्याच्या खूप आधी, माझी परीक्षा संपली त्याच आठवड्यात, बाबांनी मिस्त्रीला बोलावलं. बुजवलेल्या विटा फोडताना ते स्वतः तिथे उभे होते, तोंडावर रुमाल बांधून. आईने नव्या चौकटीवर मारुतीची तसबीर लावली, त्या बाजूने येणाऱ्यावर लक्ष ठेवायला. एका संध्याकाळी मी आत वाचत असताना बाबा दारात येऊन थांबले.

“येते का हवा?” त्यांनी विचारलं.

येते, म्हटलं. ते गेले. या विषयावर आमचं तेवढंच बोलणं झालं, आजपर्यंत. त्या घरातून मी पुढे गेलेच, पण बाबांच्या अंदाजापेक्षा बऱ्याच वर्षांनी. मळ्यावर आता इमारत आहे. खिडकीतून समोरच्यांची बाल्कनी दिसते, त्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि तरीही संध्याकाळी वारा येतोच.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी दार बाहेरून ढकललं गेलं तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की हे स्टोअर आहे, असं बाबा आत्ताच म्हणाले आहेत. साहेब उंबऱ्यावर उभे राहिले. डोक्याला बांधलेला रुमाल त्यांनी सोडला आणि त्याने मान पुसली. त्यांच्यासमोर बल्ब होता, पोती होती, परातीत देव होते आणि मधे पुस्तक मांडीवर घेऊन मी होते. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही मला सुचलं नाही. बाबा घाईने म्हणाले की मुलगी आहे, आज जरा सामान बघायला आली होती. साहेबांनी ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. ते भिंतीवरच्या त्या गडद चौकोनाकडे पाहत होते, मग माझ्या पुस्तकाकडे, मग माझ्याकडे. त्यांच्याही घरी कुणाची तरी परीक्षा असावी.

“पोरी, इथे बसतेस कशी तू? जीव घाबरा होत नाही?”

त्यांनी तसं सहजच विचारलं होतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, मान हलवली असती तरी चाललं असतं. ते वळलेच असते. देवरे नकाशाची गुंडाळी करायला लागलेही होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती, आणि ती मला धाकापेक्षा जड गेली. मी पुस्तक मिटलं आणि उठून उभी राहिले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

“होतो,” मी म्हणाले. “मी रोज इथेच झोपते. मला खिडकी हवी आहे.”